रोखा, वासना आणि वाङ्मयाचा वर्ग : शिरूर–दौंड परिसराच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाचा इतिहास आपल्याकडे प्रायः अभ्यासक्रमांचा, क्रमिक पुस्तकांचा आणि नामवंत प्राध्यापकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मुंबई विद्यापीठात मराठीला स्थान केव्हा मिळाले आणि ते केव्हा काढून घेतले गेले, न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीने ते पुन्हा कसे लाभले, कोणत्या पिढीने कोणते ग्रंथ नेमले, याची नोंद बऱ्यापैकी उपलब्ध आहे. या इतिहासात विद्यार्थी असतो तो संख्येच्या रूपाने. तो वाचतो, ऐकतो, उतरून घेतो आणि उत्तीर्ण होतो. एकाच बाकावर बसलेल्या दोघांनी एकमेकांच्या वाचनातून काय घेतले, हा प्रश्न या इतिहासाला पडलेला नाही, कारण त्याची कागदपत्रे राहत नाहीत, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाला हे कारण पुरते पटत नाही. कागदपत्रे थोडी आहेत हे खरे, परंतु जी आहेत ती या प्रश्नाच्या अंगाने वाचली गेलेली नाहीत, हेही तितकेच खरे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या लेखाकरिता निवडले आहेत. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा प्रदेश एका बाजूने पुणे–नगर रस्त्याने आणि दुसऱ्या बाजूने पुणे–सोलापूर लोहमार्गाने छेदलेला आहे. घोडनदी ही एके काळची इंग्रजांची छावणी, तर दौंड हे १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासूनचे मोठे जंक्शन. वाङ्मयाच्या इतिहासात या गावांची नावे क्वचितच येतात. लिखित अक्षराशी असलेल्या सामान्य माणसाच्या नात्याच्या इतिहासात मात्र ती ठळकपणे येतात, आणि आपल्या विषयाचा आरंभ तेथूनच करावा लागतो.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंड तालुक्याचा भागही त्याच जुन्या भीमथडीत मोडत असे. तेथून हा उठाव शिरूर, इंदापूर, हवेली, पुरंदर या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यात पसरला. त्याची पूर्वसूचना शिरूर तालुक्यातील करडे गावाने १८७४ च्या डिसेंबरातच, सावकारावर बहिष्कार घालून, दिलेली होती. या दंग्यांची आर्थिक कारणमीमांसा सरकारी चौकशी आयोगापासून अलीकडच्या इतिहासकारांपर्यंत अनेकांनी केली आहे: कापसाची तेजी ओसरणे, जमीन महसुलाची फेरआकारणी, दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे. ती येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. जमावाला पैसा नको होता आणि धान्यही मुख्यतः नको होते. त्याला कागद हवे होते. कर्जखते आणि हुकूमनामे हाती आले की ते फाडले किंवा जाळले जात, आणि ते मुकाट्याने मिळाले तर सावकाराच्या अंगाला बहुधा धक्का लागत नसे.

एका वाचनव्यवहाराविरुद्धचा हा उठाव होता असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. तरीही कर्जखताची रीत पाहावी. सावकार किंवा त्याचा लेखनिक खत लिही, तोच ते वाचून दाखवी, आणि कुणबी खाली नांगराची निशाणी करी. वाचणारा एक, ऐकणारे बाकीचे. वाचलेले आणि लिहिलेले एकच आहे की नाही, हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन ऐकणाऱ्यापाशी नाही, आणि जे वाचले त्याला संमती दिल्याखेरीज सुटकाही नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावे अशी तरतूद केली, म्हणजे दोघांच्या वाचनव्यवहारात तिसरा वाचक आणून बसविला. औषध कितपत लागू पडले हा भाग निराळा, पण कायदा करणाऱ्यांना रोगाचे स्वरूप कळले होते. लिखिताचा अर्थ एकाच्याच हाती राहिला की तो अर्थ राहत नाही, त्याची मालमत्ता होते.

याच काळात या भागात शाळा नव्हत्या असे नाही. पंतोजीच्या शाळा तर इंग्रजी अमलापूर्वीपासून होत्या. एल्फिन्स्टनच्या आज्ञेने १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी पाहणी झाली, तिची कागदपत्रे रा. वि. परुळेकरांनी संपादून प्रसिद्ध केली. त्यांतून या शाळांचे चित्र बरेच स्पष्ट होते. धूळपाटीवर अक्षर गिरवणे, उजळणी, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतचे पाढे, मोडी पत्रांचे वाचन, मायने. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, आणि पंतोजी एकटा. ही व्यवस्था चाले ती मोठ्या मुलांच्या जोरावर. पुढे गेलेला मुलगा मागच्याला अक्षर वळवून देई, आणि परवच्याच्या वेळी एक सांगे व बाकीचे म्हणत.

या रीतीला पुढे जे परदेशगमन घडले ते शिक्षणाच्या इतिहासातील एक गमतीचे प्रकरण आहे. मद्रासच्या लष्करी अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, आपल्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. जोसेफ लँकेस्टरने तिकडे तशाच पद्धतीच्या शाळा काढल्या. पुढे मुंबईच्या शाळामंडळींनी मराठी शाळांसाठी जी सुधारलेली विलायती पद्धत म्हणून स्वीकारली ती हीच लँकेस्टर पद्धत. म्हणजे पंतोजीच्या ओसरीवरची गोष्ट मद्रासमार्गे लंडनला जाऊन शिस्तीचा डगला घालून पंतोजीकडेच परत आली. ‘मॉनिटर’ हा शब्द आपल्या शाळांत अजून टिकून आहे, तो या प्रवासाची खूण म्हणून.

परंतु या गमतीवर थांबणे बरोबर होणार नाही. एकमेकांना शिकविणे आणि एकमेकांपासून शिकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मॉनिटर जे सांगतो ते त्याचे नसते. गुरुजींनी दिलेले त्याने जसेच्या तसे पुढे द्यावयाचे असते, आणि ते देताना त्यात फरक पडला तर ती चूक ठरते. पाढ्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे; तीन सत्ते एकवीस याला पाठभेद असू शकत नाही. वाङ्मयाच्या बाबतीत मात्र वर्गात सहाध्यायी हवा तो त्याच्या वाचनात फरक पडतो म्हणूनच. लँकेस्टर पद्धतीने विद्यार्थ्याला शिक्षकाच्या जागी बसविले, पण ती जागा जशी होती तशीच ठेवली. आपल्या महाविद्यालयांतील सेमिनारांत एक विद्यार्थी ग्रंथालयातील समीक्षाग्रंथातून उतरविलेली टिपणे वाचतो आणि बाकीचे ती उतरून घेतात, तेव्हा बेलसाहेबांचा आत्मा संतुष्ट होत असावा.

याहून निराळा असा विद्यार्थ्यांचा परस्परव्यवहार मराठीत १८४८ नंतर दिसू लागतो. त्या वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र विषयांना वाहिलेली सभा स्थापन झाली आणि तिची मराठी शाखा दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली. निबंध वाचावा, त्यावर इतरांनी बोलावे, ही शिस्त येथे रुजली. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक तिचे फळ. या सभासद विद्यार्थ्यांनीच १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढून त्यांत स्वतः शिकविले. पुण्यात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. विद्यार्थ्याचे लेखन शिक्षकाच्या वहीतून सुटून वाचकांसमोर आले याचा तो एक आरंभबिंदू आहे. यांविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे एवढा उल्लेख पुरे. मला थांबावयाचे आहे ते केडगावला.

केडगाव हे दौंड तालुक्यातील, पुणे–दौंड लोहमार्गावरचे स्टेशन. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, आणि केडगावची जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वसतीची संख्या हजारावर गेली. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आणि मुक्तिसदनाच्या धर्मजीवनाविषयी महाराष्ट्रात इतका वाद झाला आहे की, त्या वादाच्या धुरळ्यात तेथील शाळा, शाळा म्हणून, फारशी कोणी पाहिलीच नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तर रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त येथपर्यंत येऊन लेखणी ठेवली आहे. केडगावच्या दोन तपांचा विचार आपण चरित्रकारांवर सोपवून मोकळे झालो.

या शाळेची परिस्थिती नीट डोळ्यांपुढे आणावी. शिकणाऱ्या हजारावर, वये लहान मुलीपासून प्रौढ विधवेपर्यंत, बहुतेकींना अक्षरओळख नाही, आणि घरच्या भाषा तीन-चार. शिक्षकांची भरती करून अशी शाळा चालविणे त्या काळी कोणत्याही संस्थेला शक्य नव्हते. शारदासदनात शिकलेल्या मुली येथे शिक्षिका व व्यवस्थापक झाल्या आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढच्यांना हाताशी धरले. ब्रेल लिपी शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी वर्ग चालविला. येथपर्यंत हे पंतोजीच्या ओसरीचेच मोठे रूप आहे, असे कोणी म्हणेल. फरक पडतो तो भाषेपाशी. गुजरातेतील मुलगी मराठी शिकली ती पुस्तकातून थोडी आणि शेजारी झोपणाऱ्या, जात्यावर समोर बसणाऱ्या मुलीकडून अधिक, हे उघड आहे. आणि त्या शेजारणीची मराठी पुण्याच्या पेठांतली नव्हती.

याच आवारात रमाबाईंनी बायबलचे भाषांतर केले. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा त्या उतारवयात शिकल्या. त्यापूर्वीची मराठी बायबले त्यांना दोन कारणांनी पसंत नव्हती. त्यांतली संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही, हे एक. आणि त्यांतल्या कित्येक शब्दांना चिकटलेल्या हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा मूळ अर्थ बिघडवितात, हे दुसरे. ही दोन कारणे नेहमी एकाच दिशेने ओढत नाहीत. काही ठिकाणी तर ती एकमेकांच्या आड येतात, कारण तत्त्वज्ञानाची छटा नसलेला शब्द सामान्य स्त्रीच्या ओळखीचा असेलच असे नाही. संस्कृत पांडित्यासाठी ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धात संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढावेत, यात भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठे नाट्य आहे. छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणाऱ्या, फर्मे चढविणाऱ्या, कागद घडी करणाऱ्या सदनातल्याच मुली व स्त्रिया. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाषांतरकार, जुळारी आणि वाचक एकाच आवारात राहत असताना सिद्ध झालेली अशी दुसरी मोठी मराठी संहिता मला ठाऊक नाही. सोप्या मराठीची कसोटी रमाबाईंना दूर जाऊन शोधावी लागत नव्हती. रोज कानावर पडणारी बोली हीच ती कसोटी होती, असा तर्क करण्यास पुरेशी जागा आहे. तो तर्कच आहे, आणि तो संहितेच्या भाषिक अभ्यासानेच सिद्ध किंवा असिद्ध होईल. आपल्या विद्यापीठांत रमाबाईंवर प्रबंध झाले आहेत. त्यांच्या बायबलमधील क्रियापदांवर, कौटुंबिक नात्यांच्या शब्दांवर, शेतीच्या शब्दांवर आधीच्या भाषांतरांशी ताडून काम व्हावयास हवे, आणि ते एखाद्या धर्माच्या अभिमानाने किंवा रागाने करण्याचे काम नव्हे.

केडगावची मर्यादाही येथेच नोंदली पाहिजे. तेथे बोली अनेक होत्या, पण ज्या ग्रंथाभोवती ते सारे वाचन फिरत होते त्याच्या प्रामाण्याविषयी मतभेदाला वाव नव्हता. एकमेकींकडून शब्द घेता येत. अर्थाबद्दल भांडता येई असे म्हणता येणार नाही. अर्थाच्या भांडणाला जागा देणारी, किंबहुना ते भांडण जपून ठेवणारी संहिता मराठीत आहे, आणि ती आपल्या वाङ्मयाच्या आरंभालाच आहे.

श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी सुमारे १२७८ मध्ये संकलित केल्या त्या ज्याला त्याला भेटून, विचारून, आणि मिळालेली माहिती नागदेवाचार्यांपुढे ठेवून. ‘लीळाचरित्र’ हे अशा अर्थाने एका शिष्यमंडळाच्या परस्परांना केलेल्या विचारपुशीतून घडलेले पुस्तक आहे. परंपरा सांगते की, मूळ प्रत पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला. तेव्हा वेगवेगळ्या अनुयायांच्या स्मरणातले पाठ वेगळे निघाले. हिराइसा या स्मरणशक्तीसाठी नावाजलेल्या स्त्रीचा पाठ तर स्वतंत्रपणे मानला गेला. या भिन्न स्मरणांना महानुभावांनी दिलेले नाव ‘वासना’ असे आहे. एखादी लीळा सांगून झाल्यावर त्याच प्रसंगाची दुसरी वासना तेथेच नोंदली जाते. नेने, तुळपुळे, कोलते यांच्या संपादनांमुळे हे सारे आता अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. परंतु पाठचिकित्सेचा विषय म्हणून आपण त्याकडे पाहतो आणि पुढे जातो. त्यामागची वाङ्मयीन वृत्ती लक्षात घेत नाही. ज्या पंथाला स्वामींचा शब्द न् शब्द प्रमाण होता, त्या पंथाने शब्दाविषयीचा मतभेद लपविला नाही. दुसऱ्याचे स्मरण खोटे ठरवून पुसून टाकणे त्यांना अधिक सोपे होते.

याच्याशेजारी विसाव्या शतकातील एक प्रसिद्ध प्रयोग ठेवून पाहावा. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय जमविले आणि १९२९ च्या ग्रंथात त्यांची छाननी केली. आस्वादाच्या अध्यापनावर या ग्रंथाचा आपल्याकडेही खोल परिणाम झाला. पण रिचर्ड्‌स यांनी ते अभिप्राय वाचले ते वैद्याने लक्षणे वाचावीत तसे. हा भावविवश, हा ठरीव प्रतिसाद देणारा, याला साधा वाच्यार्थच कळलेला नाही. त्या निनावी विद्यार्थ्यांना एकमेकांची उत्तरे वाचावयास देऊन पुन्हा लिहावयास सांगितले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही. पुढे १९८० मध्ये स्टॅन्ली फिश यांनी अर्थ हा वाचकसमूहाच्या संकेतांतून निष्पन्न होतो असे मांडून वर्गातल्या संहितेचे अस्तित्वच प्रश्नांकित केले. फिश यांचा समूह मात्र बराचसा एकमुखी आहे. समूह समूहांपासून वेगळे असतात. एका समूहाच्या आत कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, याकडे ते फारसे वळत नाहीत. ‘वासना’ ही कल्पना मला या दोहोंपेक्षा आपल्या वर्गाला अधिक उपयोगी वाटते. तीत वाचन कोणाचे आहे याची नोंद राहते, संहिता नाहीशी होत नाही, आणि दोन वाचनांपैकी एकाला रोगाचे लक्षण मानावे लागत नाही.

आता शिरूर आणि दौंडच्या आजच्या वर्गाकडे यावे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये त्यानंतर हळूहळू आली आणि त्यांच्याबरोबर घरातल्या पहिल्या पदवीधरांची पिढी वाङ्मयाच्या वर्गात आली. या दोन तालुक्यांतला वर्ग बाहेरच्याला वाटतो तितका एकजिनसी नसतो. उसाच्या पट्ट्यातला बागायतदार घरचा मुलगा, पावसावर जगणाऱ्या गावची मुलगी, धनगर घरातला विद्यार्थी, साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या व इथेच राहिलेल्या कुटुंबातले कोणी, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून येणारे, आणि दौंडला तर रेल्वे व राखीव पोलीस दल यांमुळे तेलुगू, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या घरांतलीही. वर्गात शिकविली जाणारी प्रमाण मराठी यांपैकी जवळजवळ कोणाचीच घरची भाषा नाही. ही अडचण आहे असे आपण मानतो. ती अडचण आहेच, पण तेवढीच नाही.

तुकोबांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. त्या वाटेवरच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला अभंग ठाऊक असतो तो दिंडीतल्या क्रमाने: काकड्याचा कोणता, वाराचा कोणता, कोणता कशाच्या पुढे म्हणायचा. आपण त्याला तो अभंग सुटा करून, आशय आणि अभिव्यक्ती अशा दोन मथळ्यांखाली शिकवतो. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत जाऊन आलेला एखादा वर्गात असला तर तो अर्थ सांगण्याची निराळीच, प्रमाणे देत पुढे जाण्याची रीत आणतो. शेजारी दौंडच्या रेल्वे वसाहतीतली मुलगी बसलेली असते. तिने अभंग प्रथम पाहिला तो छापील. ती विचारते की एवढ्या थोड्या शब्दांत हे इतके रागावलेले का वाटते. क्रम जाणणाऱ्याला हा राग कधी ऐकू आलेला नसतो, कारण टाळांच्या गजरात तो विरून गेलेला असतो. या दोघांना एकमेकांची गरज आहे. माझ्यासारख्या शिक्षकाचे काम अशा वेळी बोलणे लांबविणे नव्हे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’विषयी (१९५५) थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर हा तेथला जवळजवळ एकटा लिहिता-वाचता माणूस असतो. म्हणजे १८७५ चा प्रश्न येथे कादंबरीच्या रूपात पुन्हा उभा आहे, फक्त वाचणारा या खेपेस सावकार नाही. शेवटी दुष्काळाने वाडी मोडते. मार्गदर्शकांत या शेवटाला ‘समूहजीवनाची शोकांतिका’ असे म्हटलेले असते आणि विद्यार्थी तसेच लिहितात. वर्गातल्या मेंढपाळ घरच्या विद्यार्थ्याला हे शब्द पटत नाहीत, असे मला एकाहून अधिक तुकड्यांत आढळले. मेंढवाडा उठवून जाणे हे त्याच्या घरी दरवर्षीचे आहे. वाडी मोडली म्हणजे सारे संपले, ही दृष्टी त्याला घर बांधून राहणाऱ्या माणसाची वाटते. हे ऐकून शिक्षकाला आनंद होतो, अनुभवाचा आवाज वर्गात आला असे वाटते, आणि तेथेच थांबण्याचा मोह होतो. पण एकदा शेजारच्या मुलीनेच त्याला अडविले. तिच्या घरी १९७२ च्या दुष्काळाच्या, खडी फोडायला गेलेल्या आजीच्या आठवणी होत्या. मेंढरे घेऊन जाणे आणि मेंढरे मेल्यावर जाणे हे एकच का, असे तिने विचारले. मग पुस्तक उघडून शेवटची प्रकरणे पुन्हा वाचावी लागली. त्या वाचनात दोघांच्याही म्हणण्यातला काही भाग गळून पडला. अनुभव हा संहितेचा पर्याय नसतो, तो संहितेकडे परत जाण्याचे कारण असतो, हे माझ्या व्याख्यानाने इतके स्पष्ट झाले नसते.

परस्परांकडून शिकण्याचे चित्र यापुढे नेहमीच इतके सुखाचे राहत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) नेमलेले असते तेव्हा वर्गाच्या नजरा ठरावीक एक-दोन बाकांकडे वळतात. त्या बाकांवरच्या विद्यार्थ्याने आता साक्ष द्यावी, अशी एक न बोललेली अपेक्षा असते. इतरांना शिकविण्यासाठी स्वतःचे घर उघडे करून दाखविण्याची ही सक्ती आहे, आणि ‘सहभागी अध्यापना’चा उत्साह असलेला शिक्षक ती नकळत वाढवितो. बागायतदाराच्या मुलाला ‘गोतावळा’ वाचताना तुझ्या घरच्या सालगड्याविषयी सांग, असे आपण विचारीत नाही. वस्तुतः तो प्रश्न तेथे विचारणे अधिक समर्पक ठरेल. पाओलो फ्रेअरे यांचे नाव घेऊन संवादी शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बरीच झाली. या चर्चेत संवादाला बसलेल्या दोघांच्या जातीचा विचार हवा तितका आला नाही. मुलींचे मौन हाही याच प्रकरणाचा भाग आहे. वहीत उत्तम लिहिणारी मुलगी वर्गात बोलत नाही, आणि तिचे म्हणणे मधल्या सुट्टीत मैत्रिणींपुरते राहते. मुक्तिसदनाच्या भिंतींच्या आत जे घडू शकले त्याला त्या भिंतींचाही हात होता की काय, अशी शंका येते.

आणि मग परीक्षा. अपेक्षित प्रश्नसंच आणि मार्गदर्शक यांची निंदा करणे हा आपल्या व्यवसायातला जुना विरंगुळा आहे. मला त्यात रस नाही. घरी पुस्तक नसलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने उत्तीर्ण केले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची वाचनरीत ओळखीची आहे. कोणीतरी वाचून ठेवले आहे. ते आपण ताडून पाहू शकत नाही. खाली निशाणी करावयाची आहे. भीमथडीच्या कुणब्याचा पणतू मराठीच्या पेपरात निशाणीच करीत असेल तर रोखा अजून जळालेला नाही. सत्रपद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले, त्यात गटचर्चेसाठी गुणही आले. चर्चेचे गुण ठरताच चर्चेचेही आदर्श उत्तर तयार झाले, हा अनुभव या व्यवसायातील बहुतेकांना असेल.

गेली काही वर्षे मी अंतर्गत चाचणीत एक प्रश्न ठेवतो. नेमलेल्या संहितेविषयी आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वाचन त्याच्या नावासह मांडा आणि आपले वाचन त्याहून कोठे वेगळे पडते ते संहितेच्या आधारे लिहा. नाव लिहिण्याविषयी संकोच अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पुष्कळजण ‘काहींच्या मते’ असे लिहून मोकळे होतात, कारण मार्गदर्शकातले वाक्य तसेच असते. काहीजण मित्राचे नाव लिहून मार्गदर्शकातले मत त्याच्या तोंडी घालतात. थोडी उत्तरे अशी येतात की, त्यांत दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या बोलीसह उतरलेले असते आणि त्याखाली लिहिणाऱ्याचा मतभेद पानाच्या आधाराने दिलेला असतो. एका उत्तरात तर ज्याचे वाचन दिले होते त्याने नंतर समासात स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली होती: मी असे म्हणालो नव्हतो. त्या उत्तरपत्रिकेवर दोन हस्ताक्षरे आहेत. हा नियमभंग आहे, यात संशय नाही; दहापैकी गुण मी पहिल्या हस्ताक्षराला दिले, कारण गुणपत्रकात एका आसनक्रमांकापुढे एकच रकाना असतो.